आधी उपकरणे, मग मेमरी: एकाच संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवताना

बुलढाणा जिल्ह्यातील पतसंस्था, कर सल्लागारांची कार्यालये, अडत दुकाने, सेतू केंद्रे किंवा महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांपैकी कोठेही तीन-चार जुने संगणक काढून त्यांच्या जागी एकच दमदार संगणक घ्यावा आणि त्यावर प्रत्येक कामासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन चालवावी, असा विचार होत असेल, तर हा लेख त्यासाठी आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर हा विचार अधिक निकडीचा झाला, कारण जुन्या विंडोजवरच चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर टाकूनही देता येत नाही आणि ते थेट इंटरनेटला जोडून ठेवणेही धोक्याचे असते.

या व्यवस्थेत दोन प्रश्न हटकून विचारले जातात. एक, कोणत्या मशीनला किती रॅम द्यायची. आणि दोन, डिजिटल सहीचे टोकन, थंब मशीन किंवा काटा मूळ संगणकाला दिसतो, पण व्हर्च्युअल मशीनला का दिसत नाही. बहुतेक जण पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच घोटाळा होतो. उपकरण कोणते आहे यावरून हायपरव्हायझर ठरतो, ते उपकरण कोणत्या मार्गाने द्यायचे हे ठरते आणि त्या मार्गावरून मेमरी लवचीक ठेवता येईल की पूर्णपणे अडकवून ठेवावी लागेल हे ठरते. म्हणून येथे क्रम उलटा घेतला आहे: आधी उपकरणे, नंतर मेमरी.

सुरुवातीपूर्वी चार शब्द

एका प्रत्यक्ष संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि उपकरणे अनेक आभासी संगणकांमध्ये वाटून देणारा आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा सॉफ्टवेअरचा थर म्हणजे हायपरव्हायझर होय. ज्या प्रत्यक्ष संगणकावर तो चालतो त्याला होस्ट म्हणतात, आणि त्यावर चालणाऱ्या प्रत्येक आभासी संगणकाला गेस्ट किंवा नुसते व्हीएम म्हणतात. विंडोजच्या प्रो आणि सर्व्हर आवृत्त्यांत हायपर-व्ही मिळतो, होम आवृत्तीत तो मिळत नाही. लिनक्समध्ये २००७ पासून केव्हीएम हा भाग कर्नेलमध्येच आहे आणि प्रॉक्समॉक्स हे त्यावर उभारलेले, ब्राउझरमधून चालवता येणारे तयार व्यवस्थापन आहे. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन ही नेहमीच्या विंडोज किंवा लिनक्सच्या आत एखाद्या प्रोग्रामप्रमाणे बसतात.

खरेदी करण्यापूर्वी किंवा जुनाच संगणक वापरायचा असल्यास दोन गोष्टी तपासाव्यात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या पानावर प्रोसेसरखाली व्हर्च्युअलायझेशन ‘एनेबल्ड’ असे दिसले पाहिजे, आणि तसे नसल्यास बायोसमध्ये जाऊन इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडीची एसव्हीएम ही सोय सुरू करावी. दुसरी सोय इंटेलकडे व्हीटी-डी आणि एएमडीकडे आयओएमएमयू या नावाने असते. ती फक्त कार्डे थेट व्हीएमला द्यायची असल्यास लागते, आणि ती स्वस्त मदरबोर्डांवर अर्धवट असू शकते. त्यामुळे विक्रेत्याकडून ‘हो, चालते’ एवढे तोंडी उत्तर घेऊन थांबू नये.

पहिली पायरी: उपकरणांची यादी करावी

कागदावर दोन रकाने करावेत, एकात उपकरण आणि दुसऱ्यात ते कोणत्या सॉफ्टवेअरला लागते हे लिहावे. उपकरण व्हीएमपर्यंत पोहोचवण्याचे मार्ग मोजकेच आहेत:

- नक्कल केलेले उपकरण. हायपरव्हायझर एखाद्या जुन्या, सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या नेटवर्क कार्डाची किंवा डिस्क कंट्रोलरची हुबेहूब नक्कल गेस्टला दाखवतो. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पण काम संथ चालते.
- व्हर्टिओसारखे उपकरण. आपण व्हीएममध्ये आहोत हे गेस्टला माहीत असते आणि तो हायपरव्हायझरशी सरळ व्यवहार करतो. डिस्क आणि नेटवर्कसाठी हाच मार्ग निवडावा. लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीपासून असतो. विंडोजमध्ये तो वेगळ्या आयएसओ फाइलमधून घालावा लागतो, आणि विंडोज बसवतानाच ही फाइल जोडली नाही तर डिस्कच दिसत नाही.
- यूएसबी पास-थ्रू. होस्टला जोडलेले एक यूएसबी उपकरण एका व्हीएमच्या ताब्यात दिले जाते.
- पीसीआय पास-थ्रू. संपूर्ण कार्ड किंवा कंट्रोलर होस्टकडून काढून व्हीएमला दिला जातो.
- नेटवर्कवरून. उपकरण कोणत्याच व्हीएमला न जोडता लॅनवर ठेवले जाते.

शेवटचा मार्ग उपलब्ध असेल तेथे बाकीचे विसरावेत. लॅन पोर्ट असलेला प्रिंटर पास-थ्रू करत बसण्यात काहीच हशील नाही. पास-थ्रूचा मूळ नियम असा की एक उपकरण एका वेळी एकाच मशीनचे असते. दोन व्हीएमना एकच टोकन किंवा एकच स्कॅनर एकाच क्षणी देता येत नाही. तसे करणे भाग पडणार असेल, तर त्या दोन कामांसाठी दोन व्हीएम करण्याचा निर्णयच पुन्हा तपासावा.

डिजिटल सहीचे टोकन

सर्वांत जास्त अडचण येथे येते. निविदा भरणे, कंपनी किंवा संस्थेची विवरणपत्रे सादर करणे, लेखापरीक्षणाचे अहवाल सही करून पाठवणे ही कामे ज्या यूएसबी टोकनावर चालतात, त्याच्या आतली खासगी कळ बाहेर काढता येत नाही. टोकन ज्या मशीनला खरोखर जोडलेले आहे, त्याच मशीनवर सही होते.

हायपर-व्हीमध्ये साधे यूएसबी उपकरण थेट गेस्टला देण्याची सोय नाही, आणि ही गोष्ट अनेकांना सगळे बसवून झाल्यावर कळते. तेथे ‘एन्हान्स्ड सेशन’ वापरून होस्टचे स्मार्ट कार्ड गेस्टपर्यंत नेता येते, पण ते खिडकी उघडी असेपर्यंतच चालते. टोकन हे रोजचे काम असेल, तर प्रॉक्समॉक्स, व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन यांपैकी एकाकडे आधीच वळावे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० या आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ ची सोय मूळ पॅकेजमध्येच आहे, मात्र होस्ट लिनक्स असेल तर संबंधित वापरकर्त्याला ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात घालावे लागते, नाहीतर उपकरणांची यादी रिकामीच दिसते.

पुढील क्रम पाळावा:

१. टोकनाचा ड्रायव्हर फक्त त्या व्हीएममध्ये बसवावा. होस्टवरही तो बसवलेला असेल, तर होस्टची स्मार्ट कार्ड सेवा टोकन पकडून ठेवू शकते आणि व्हीएमला ते मिळत नाही.

२. प्रॉक्समॉक्समध्ये यूएसबी देताना दोन पर्याय येतात: उपकरणाच्या ओळख-क्रमांकावरून किंवा पोर्टवरून. एकाच बनावटीची दोन टोकने असतील तर दोघांचा ओळख-क्रमांक सारखाच असतो, त्यामुळे पोर्टवरून द्यावे आणि त्या पोर्टवर कागदाची चिठ्ठी चिकटवावी. उपकरण एकच असेल आणि ते कोणत्याही पोर्टला लावले जात असेल, तर ओळख-क्रमांक बरा.

३. टोकन दिसते का हे व्हीएमच्या स्वतःच्या कन्सोलमधून तपासावे, रिमोट डेस्कटॉपवरून तपासू नये.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. टोकन व्हीएमला नीट जोडलेले असते, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही ते दिसते, तरी सहीच्या वेळी ‘टोकन सापडले नाही’ असा संदेश येतो. मग ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकले जातात, विंडोजही नव्याने बसवले जाते. कारण पुष्कळदा वेगळेच असते. विंडोज रिमोट डेस्कटॉपने आत शिरल्यावर स्मार्ट कार्डासंबंधीची सगळी विचारणा, वापरकर्ता ज्या संगणकासमोर बसला आहे त्या संगणकाकडे वळवते आणि व्हीएमला लावलेले कार्ड त्या सत्रापुरते अदृश्य होते. यावर उपाय दोनच आहेत. एकतर हायपरव्हायझरचा कन्सोल उघडून तेथून सही करावी, किंवा टोकन व्हीएमला न लावता आपल्या समोरच्या संगणकाला लावून रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘स्मार्ट कार्ड’ हा पर्याय चालू ठेवावा. दुसरा उपाय अधिक चांगला आहे, कारण त्यात टोकन सर्व्हरच्या खोलीत न राहता सही करणाऱ्याच्या हातात राहते.

हा सोयीचा प्रश्न आहे तसाच कायद्याचाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार आपली खासगी कळ स्वतःच्या नियंत्रणात राहील याची वाजवी काळजी घेणे ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे, आणि ती कळ दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवणेही त्याच्यावरच बंधनकारक आहे. टोकन सर्व्हरला कायमचे लावून ठेवून त्याचा पिन चार कर्मचाऱ्यांना सांगून ठेवणे ही सवय म्हणून मोडली पाहिजे. याला आणखी एक बाजू आहे. व्हीएम ‘सेव्ह’ किंवा ‘सस्पेंड’ केल्यावर, अथवा मेमरीसह स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतल्यावर, त्या क्षणी मेमरीत असलेले सर्व काही डिस्कवरच्या फाइलमध्ये उतरते आणि त्यात टाइप केलेला पिन किंवा पासवर्डही असू शकतो. सही करणाऱ्या व्हीएमचा स्नॅपशॉट ती बंद करूनच घ्यावा.

थंब मशीन

आधार प्रमाणीकरणासाठीच्या बोटांच्या स्कॅनरसोबत ‘आरडी सर्व्हिस’ नावाची सेवा चालते आणि संकेतस्थळ तिच्याशी त्याच संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० या पोर्टांच्या मर्यादेत बोलते. म्हणजेच ब्राउझर, आरडी सर्व्हिस आणि स्कॅनर ही तिन्ही एकाच मशीनमध्ये असावी लागतात. स्कॅनर व्हीएमला देऊन ब्राउझर होस्टवर उघडल्यास काम होणार नाही. तांत्रिकदृष्ट्या हे व्हीएममध्ये जमवता येईलही, पण समोर माणूस खोळंबलेला असताना हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. सेतू केंद्रांनी थंब मशीन साध्या प्रत्यक्ष संगणकालाच लावावे आणि व्हर्च्युअल व्यवस्था हिशेब, फाइली व बॅकअप यांपुरती ठेवावी, असाच सल्ला येथे द्यावा लागेल.

काटा आणि पासबुक प्रिंटर

खामगाव, मलकापूर, चिखली येथे कापूस आणि सोयाबीन मोजणारे इलेक्ट्रॉनिक काटे वजनाचा आकडा बहुधा आरएस-२३२ या जुन्या सीरियल पोर्टवरून पाठवतात, आणि नव्या संगणकांना हा पोर्ट नसतो. यूएसबी-सीरियल कनव्हर्टर लावून तो व्हीएमला देता येतो, पण कनव्हर्टर दुसऱ्या पोर्टला लावला की विंडोजमधील ‘कॉम’ क्रमांक बदलू शकतो आणि काट्याचे सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत बसते. त्यामुळे कनव्हर्टर पोर्टवरून द्यावा आणि आत कॉम क्रमांक हाताने पक्का करावा. काटा आणि संगणक यांच्यात अंतर जास्त असेल, तर सीरियलचे लॅनमध्ये रूपांतर करणारे लहान यंत्र घेणे जास्त टिकाऊ ठरते. मग व्हीएम कोणत्या होस्टवर आहे याने फरक पडत नाही. पासबुक प्रिंटर काउंटरवरील संगणकाला लावून तेथूनच छपाई करावी, तो सर्व्हरपर्यंत नेऊ नये.

संपूर्ण कार्ड व्हीएमला देताना

प्रयोगशाळेत यंत्र-शिक्षणाच्या प्रात्यक्षिकांसाठी ग्राफिक्स कार्ड व्हीएमला द्यायचे असते, किंवा यूएसबी उपकरणे वारंवार तुटत असल्यामुळे संपूर्ण यूएसबी कंट्रोलरच व्हीएमकडे सोपवायचा असतो. शेगावला १९८३ पासून चालत असलेल्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयापासून खामगावच्या शासकीय तंत्रनिकेतनापर्यंत जिल्ह्यात तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत, आणि तेथील विद्यार्थ्यांना हा भाग स्वतः करून पाहण्यासारखा आहे.

कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिते आणि वाचते. व्हीएमला वाटणारा मेमरीचा पत्ता आणि प्रत्यक्ष चिपवरचा पत्ता वेगळे असल्यामुळे या दोहोंमध्ये भाषांतर करणारे आणि कार्डाला दुसऱ्या व्हीएमच्या मेमरीत शिरू न देणारे हार्डवेअर लागते. तेच वर उल्लेखलेले आयओएमएमयू. कार्ड कोणत्याही क्षणी मेमरीच्या कोणत्याही भागात लिहू शकते, म्हणून हायपरव्हायझरला त्या व्हीएमची सर्वच्या सर्व मेमरी सुरुवातीलाच जागेवर खिळवून ठेवावी लागते. परिणामी:

- अशा व्हीएमला दिलेली १६ जीबी म्हणजे पूर्ण १६ जीबी. ती वापरात नसली तरी दुसऱ्या कोणाला मिळत नाही आणि मेमरी मागे घेण्याचे उपाय येथे चालत नाहीत.
- मेमरीसह स्नॅपशॉट घेता येत नाही आणि चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवता येत नाही.
- आयओएमएमयू उपकरणांचे गट करते, आणि एका गटातील उपकरणे सहसा एकत्रच द्यावी लागतात. ग्राफिक्स कार्डाच्या गटात होस्टचे नेटवर्क कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर असेल, तर व्हीएम सुरू करताच होस्टच हातचा जातो. गट आधी पाहावेत. वाईट असतील तर कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहावे.
- होस्टचे स्वतःचे चित्र त्याच कार्डावरून येत असेल, तर दुसरी ग्राफिक्सची सोय आधी करावी.

एक टोकन यूएसबी पास-थ्रूने दिल्यास मेमरी अशी अडकत नाही, कारण तेथे प्रत्येक देवाणघेवाण हायपरव्हायझरच्या हातून होते. संपूर्ण यूएसबी कंट्रोलर दिल्यास मात्र अडकते. एका टोकनासाठी आख्खा कंट्रोलर देण्याची घाई म्हणूनच करू नये. काही नेटवर्क कार्डांमध्ये एसआर-आयओव्ही नावाची सोय असते, जिच्यामुळे एकच कार्ड स्वतःला अनेक लहान कार्डांत विभागून दाखवते. लहान कार्यालयाला तिची गरज पडत नाही.

आता मेमरी: होस्टपासून मोजावी

प्रोसेसरचा वेळ पाळीपाळीने वाटता येतो आणि डिस्क हवी तेव्हा वाढवता येते, पण मेमरीचे तसे नाही. ज्या क्षणी ती कमी पडते त्या क्षणी सगळे एकदम मंदावते. ‘१६ जीबी आहे, म्हणून आठ-आठच्या दोन’ हा हिशेब त्यामुळेच फसतो, कारण त्यात होस्टला काहीच उरत नाही.

३२ जीबी रॅमचा एक संगणक, त्यावर प्रॉक्समॉक्स आणि तीन व्हीएम, अशी एक साधारण वाटणी पाहावी:

- होस्ट आणि त्याची डिस्क-व्यवस्था: ६ जीबी
- हिशेबाचा सर्व्हर, डेटाबेससह: १२ जीबी
- सही आणि विवरणपत्रांसाठी विंडोज ११: ६ जीबी
- फाइली व बॅकअपसाठी लिनक्स: ३ जीबी
- कोणालाही न दिलेली: ५ जीबी

३२ लिहिलेले असले तरी एकत्रित ग्राफिक्स आणि बायोस यांचा वाटा वजा जाऊन प्रत्यक्षात थोडी कमीच मेमरी दिसते, हेही धरावे. शेवटची ओळ वाया गेलेली वाटते आणि तीच सर्वांत आधी कापली जाते, पण बॅकअप चालू असताना, नवी चाचणी व्हीएम उभी करताना किंवा मार्चअखेर हिशेबाच्या सर्व्हरला दोन जीबी वाढवून देताना तीच उपयोगी पडते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे. ती किमान आहे, आरामाची नव्हे.

होस्टच्या वाट्यात झेडएफएस या डिस्क-व्यवस्थेचा मोठा भाग असतो. ती वाचलेला डेटा मेमरीत जपून ठेवते आणि पूर्वीच्या मांडणीत त्यासाठी निम्म्या रॅमपर्यंत जात असे, प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्याने बसवताना ही मर्यादा रॅमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी एवढी ठेवली जाते. जुनी मांडणी तशीच पुढे आणलेली असेल, तर ही मर्यादा हाताने घालावी लागते.

ठरावीक की बदलती मेमरी?

*ठरावीक वाटप.* दिलेली मेमरी त्या व्हीएमची. डेटाबेस, सही करणारी व्हीएम आणि कार्ड दिलेली व्हीएम यांच्यासाठी दुसरा विचार करू नये.

*बलूनिंग.* गेस्टच्या आत एक लहान ड्रायव्हर बसतो आणि होस्टला गरज पडली की तो गेस्टमधील मोकळी मेमरी स्वतःच्या नावावर अडवून होस्टला परत करतो. प्रॉक्समॉक्समध्ये किमान आणि कमाल असे दोन आकडे दिल्यास होस्टचा वापर साधारण ८० टक्क्यांवर पोहोचल्यानंतर ही वसुली सुरू होते. गेस्टमध्ये ड्रायव्हर नसेल तर हे आकडे कागदावरच राहतात. विंडोजमध्ये तो वेगळा बसवावाच लागतो.

*हायपर-व्हीची डायनॅमिक मेमरी.* सुरुवातीची, किमान आणि कमाल असे तीन आकडे असतात, शिवाय राखीव बफर असतो आणि तो मुळात २० टक्के ठेवलेला असतो. कमाल आकडा तसाच राहिला तर एकच व्हीएम सगळी मेमरी ओढून घेऊ शकते, म्हणून तो पहिल्याच दिवशी खाली आणावा.

*सारखी पाने एकत्र करणे.* लिनक्समधील केएसएम वेगवेगळ्या व्हीएमच्या मेमरीतील तंतोतंत सारखी पाने शोधून त्यांची एकच प्रत ठेवते. प्रयोगशाळेत एकाच प्रतिमेवरून तयार केलेल्या वीस व्हीएममध्ये याचा खरा लाभ होतो. मात्र पान सामायिक आहे की नाही हे लिहिण्याच्या वेळेतील फरकावरून ओळखता येते, त्यामुळे एकमेकांवर विश्वास नसलेल्या ग्राहकांच्या व्हीएम एकाच होस्टवर असतील तर ही सोय बंद ठेवावी.

डेटाबेसबद्दल एक वेगळी सूचना आवश्यक आहे. एसक्यूएल सर्व्हरला कमाल मर्यादा घातली नाही, तर तो मिळेल तेवढी मेमरी हळूहळू घेत जातो आणि हे त्याचे ठरलेलेच वर्तन आहे. अशा व्हीएमवर बलूनिंग लावल्यास होस्ट मेमरी मागतो, डेटाबेस आपला साठा सोडतो आणि पुढचाच अहवाल डिस्कवरून वाचला जातो. वापरकर्त्याला मात्र ‘सॉफ्टवेअर हँग झाले’ एवढेच दिसते. १२ जीबीच्या व्हीएममध्ये डेटाबेसची मर्यादा ८ ते ९ जीबीच्या आसपास घालावी.

आणि मेमरी खरोखरच संपली तर काय होते हे माहीत असावे. होस्ट आधी डिस्कवरच्या स्वॅपकडे वळतो आणि सगळ्या व्हीएम एकत्र मंदावतात. स्वॅपही पुरला नाही तर लिनक्स एखादी प्रक्रिया मारून मेमरी मोकळी करते, आणि त्यासाठी ती सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रक्रिया निवडते. प्रत्येक व्हीएम ही होस्टच्या दृष्टीने एक प्रक्रिया असते. सर्वांत मोठी प्रक्रिया म्हणजे बहुधा हिशेबाचा सर्व्हर. ज्या मशीनला सर्वाधिक जपायचे, तीच आधी पडते.

किती मेमरी पुरेल याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून द्यावे. विंडोज गेस्टमध्ये टास्क मॅनेजरवरील ‘कमिटेड’ हा आकडा गर्दीच्या दिवशी, म्हणजे महिनाअखेर, निविदेची शेवटची तारीख किंवा व्याज आकारणीच्या रात्री पाहावा आणि त्यावर पाव हिस्सा वाढवून द्यावा. निवांत दुपारी पाहिलेला आकडा निरुपयोगी असतो.

जुना, दोन प्रोसेसरांचा नूतनीकृत सर्व्हर घेतला असेल, तर निम्मी मेमरी एका आणि निम्मी दुसऱ्या प्रोसेसरशी जोडलेली असते. कोणतीही एक व्हीएम या निम्म्या वाट्याच्या आत बसेल एवढीच ठेवावी.

वीज गेल्यावर

वीजपुरवठ्याचा आणि मेमरीचा संबंध पहिल्या दृष्टीला लक्षात येत नाही. हायपर-व्ही होस्ट बंद होताना व्हीएम बंद न करता त्यांची स्थिती डिस्कवर ‘सेव्ह’ करतो, म्हणजे सगळी मेमरी डिस्कवर लिहिली जाते. वरच्या उदाहरणातील तीन व्हीएम हायपर-व्हीवर असतील, तर त्यांची मिळून २१ जीबी मेमरी सेकंदाला १२० एमबी लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर उतरायला सुमारे तीन मिनिटे लागतात, तर सेकंदाला ५०० एमबी लिहिणाऱ्या एसएसडीवर पाऊण मिनिट पुरते. जुन्या बॅटरीचा यूपीएस भर उन्हाळ्यात तीन मिनिटे तग धरेल याची खात्री नसते. म्हणून:

- यूपीएसची यूएसबी वायर होस्टला जोडावी, ती कोणत्याही व्हीएमला पास-थ्रू करू नये. बंद होण्याचा आदेश होस्टलाच मिळाला पाहिजे.
- ‘सेव्ह’ऐवजी ‘शटडाउन’ हा पर्याय निवडावा आणि गेस्टमध्ये त्यासाठी लागणारा सहायक घटक बसवावा.
- बंद करताना डेटाबेसची व्हीएम आधी, फाइलींची शेवटी. सुरू करताना उलट.

सेव्ह केलेली व्हीएम जागी झाल्यावर तिचे घड्याळ मागे राहिलेले असू शकते आणि चुकीच्या वेळेने केलेली सही पोर्टल नाकारू शकते. वेळ जुळवण्याचे काम एकतर होस्टकडे द्यावे किंवा गेस्टमधील एनटीपीकडे, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेकडे. दोघांनाही दिल्यास घड्याळ मागेपुढे होत राहते.

परवाने, हक्क आणि लेखी कागद

विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका पूर्ण परवान्यात, होस्टवरील प्रत फक्त व्हीएम चालवण्यासाठीच वापरली असेल तर, दोन विंडोज सर्व्हर व्हीएम चालवता येतात. तिसरीसाठी परवाना पुन्हा घ्यावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज मोफत आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक कार्यालयीन वापरासाठी मोफत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालाही मोफत झाले. प्रॉक्समॉक्स वर्गणीशिवाय चालते. वर्गणी ही आधार आणि जास्त तपासलेल्या अद्ययावतीकरणासाठी असते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्यावसायिक संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवायच्या आहेत, ठरवून दिलेल्या प्रकारचा सायबर प्रसंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा आहे आणि घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायची आहेत. व्हीएम जुन्या स्नॅपशॉटवर परत नेली की मधल्या काळातील तिच्या नोंदीही जातात, म्हणून नोंदी व्हीएमच्या बाहेर साठवाव्यात.

खरेदीच्या बाबतीत एक फरक जाणून घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला लागू होत नाही. मात्र स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू होतो. स्वतः केंद्र चालवणारी व्यक्ती जिल्हा आयोगाकडे जाऊ शकते, पण पतसंस्थेला किंवा मोठ्या फर्मला तो आधार धरता येईलच असे नाही, म्हणून तिने आपले संरक्षण करारातच लिहून घेतले पाहिजे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बनसारख्या मोठ्या संस्थेपासून गावातल्या छोट्या पतसंस्थेपर्यंत सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात संगणकाची कामे बहुधा संचालक मंडळाच्या ठरावाने होतात. त्या ठरावाला जोडायच्या कागदात पुढील बाबी असाव्यात:

- होस्टचा मुख्य पासवर्ड संस्थेच्या ताब्यात, बंद लिफाफ्यात राहील.
- कोणत्या व्हीएमला किती मेमरी आणि कोणते उपकरण कोणत्या पोर्टवरून दिले आहे, याचा तक्ता विक्रेता देईल.
- व्हीएमच्या फाइली आणि बॅकअप संस्थेचे असतील, आणि काम दुसऱ्याकडे दिल्यास ते विनाअट सोपवले जातील.
- पास-थ्रू केलेले उपकरण बिघडल्यास होस्टची हमी रद्द होणार नाही.

काम स्वीकारण्यापूर्वी सुटीच्या दिवशी होस्ट पूर्ण बंद करून वीजही काढावी, पुन्हा सुरू करावा, आणि कोणीही हात न लावता सर्व व्हीएम ठरलेल्या क्रमाने उठतात का, काट्याचा आकडा पडद्यावर येतो का आणि टोकनाने एक सही होते का, हे पाहावे. त्यानंतर टोकन दुसऱ्या पोर्टला लावून व्यवस्था कशी वागते तेही पाहावे आणि जे दिसेल ते वरच्या तक्त्यात लिहून त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी.